क्रॉस वाजतोय

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे पट्ट्यातून शाडूची मूर्ती घेऊन निघालेल्या व्हॅनला खड्ड्यापेक्षा हिसक्याचं भय जास्त. खड्डा डोळ्यांना दिसतो, चालक वेग कमी करतो, मूर्तीच्या बुडाशी घातलेला पेंढा आणि फोम बाकीचं सांभाळून घेतात. हिसका मात्र गाडीच्या पोटातून येतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सुटतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे निघते आणि वाटेत कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळून ‘खट्’ असा आवाज होतो. गाडी क्षणभर अडखळते, मग उचल खाते. वाळलेल्या शाडूला हे अडखळणं सोसत नाही. मनगट, सोंडेचं टोक, पाटाची कड अशा बारीक जागी तडा जातो. मूर्ती नेणाऱ्याला वाटतं, रस्ताच वाईट होता. रस्ता वाईट असतोच. पण त्यात भर घालणारा असतो तो काही शे रुपयांत मिळणारा, मुठीत मावणारा एक पोलादी क्रॉस. तो झिजलेला असतो आणि झीज बऱ्याच आधीपासून सांगत असतो. ऐकणारं कुणी नसतं.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत जुनी व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा मारुती ओम्नी. १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तरी तिच्यावर चालणारे संसार थोडे नाहीत. सकाळी शाळेची मुलं, दुपारी किराणा, धाटाव एमआयडीसीच्या पाळीला जाणारे कामगार, लग्नसराईत मंडपाचं सामान, भाद्रपदात गणपती. पेणच्या आरटीओचा ‘एमएच ०६’ क्रमांक मिरवणाऱ्या या गाड्या वजनाने हलक्या आहेत, गल्लीबोळात वळतात, आणि गावच्या गॅरेजात त्यांचं पोट उघडून दुरुस्त करता येतं. नवी गाडी घेण्याइतकी मिळकत नसलेल्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवं?

ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं आहे. त्याच घराण्यातली मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. व्हॅन मागच्या चाकांवर. म्हणून इंजिनामागच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक पोकळ नळी जाते, तिला गॅरेजात नुसतं ‘शाफ्ट’ म्हणतात. मागचा एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेला असल्यामुळे तो सतत वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी. या दोघांना जोडणारा शाफ्ट फिरता फिरता वाकता यायला हवा आणि लांबी कमीजास्तही व्हायला हवी. लांबीचं काम गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकणारी खाचांची (स्प्लाइनची) स्लीव्ह करते. वाकण्याचं काम दोन टोकांचे दोन क्रॉस करतात. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याच्या चार दांड्यांच्या टोकांवर चार टोप्या, म्हणजे कप, आणि प्रत्येक कपात कडेने उभे लावलेले सुईसारखे बारीक रोलर. समोरासमोरचे दोन कप एका योकमध्ये, म्हणजे दोन कानांच्या बेचक्यात, उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये.

ही रचना मोटारीहून फार जुनी आहे. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती जिरोलामो कार्डानो याचं नाव तिला युरोपात चिकटलं आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरच्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. हूकच्या लक्षात एक गोष्ट आली होती. हा सांधा वाकवून फिरवला, तर एका बाजूचा दांडा एकसारखा फिरत असतानाही दुसऱ्या बाजूचा दांडा एकसारखा फिरत नाही; प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. आडव्या सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावली अशीच असमान वेगाने सरकते, हे त्याने ओळखलं आणि सांध्याच्या त्या दोषाचाच उपयोग सुचवला. मोटारीत तो दोष दोषच असतो. सांधा १० अंशांनी वाकला, तर वेग दीड टक्क्याने वरखाली होतो. २० अंशांनी वाकला, तर सहा टक्क्यांहून अधिक. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा देतात, दोन्हींचे कोन सारखे ठेवतात आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत ठेवतात. पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने मोटारीसाठी अशा सांध्याचं पेटंट १९०३ मध्ये मिळवलं; त्याआधी पुष्कळ गाड्या सायकलीसारख्या साखळीवर चालायच्या.

हा कोनांचा हिशेब इथे सांगायचं कारण आहे. आपल्याकडे व्हॅन मालासाठी वापरायला घेतली, की पहिली सुधारणा म्हणजे मागे जादा पाटा टाकणं. मागची बाजू उचलली जाते आणि रिकाम्या गाडीत डिफरन्शियलचं तोंड मूळच्या कोनात राहत नाही. दोन टोकांचे कोन जुळेनासे होतात, एकाची गडबड दुसरा निस्तरत नाही. मग शाफ्ट थरथरू लागतो, त्याचा भार सुईरोलरवर येतो. पाटा टाकणाऱ्याला आणि टाकून घेणाऱ्याला हा संबंध कुणी सांगितलेला नसतो. क्रॉस वर्षभरात गेला, की माल डुप्लिकेट होता असं ठरतं.

पेणला खोपोली रस्त्याकडच्या एका गॅरेजात झीज तपासायची पद्धत जवळून पाहायला मिळाली. मेस्त्रींनी तरुणपणी एसटीत उमेदवारी केलेली. एसटीच्या रायगड विभागाचं मुख्य ठिकाण पेणलाच, रामवाडीत. त्या शिस्तीची खूण त्यांच्या हातात दिसते. समोर शाळेची मुलं नेणारी ओम्नी उभी होती. चालक म्हणाला, “मेस्त्री, गिअर टाकला की खटकन वाजतंय. दोघांनी सांगितलं क्रॉस गेला, बदलून टाक.”

“बदलू की. पण गेलाय का ते बघू दे आधी, दादा.”

त्यांनी गाडीखाली शिरायची घाई केली नाही. आधी चालकाशेजारी बसून फेरी मारली. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं काम हे, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. निघताना एकदाच ‘खट्’ वाजतं, की ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना दर वेळी? एकदाच वाजत असेल, तर इंजिनाचं रबर माउंटिंग बसलेलं असू शकतं किंवा पाट्यांचे यू-बोल्ट ढिले. दर वेळी वाजत असेल, तर फिरणाऱ्या भागात कुठेतरी पोकळी आहे. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर ऐकली. विशिष्ट वेगाला थरथर येते आणि गाडी न्यूट्रल करून इंजिन मंद झालं तरी त्याच वेगाला टिकते, तेव्हा इंजिन सुटलं; दोष शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांत. शेवटी भिंतीला लागून दहा-पंधराच्या वेगाने गाडी नेली. कोरडा पडलेला क्रॉस अशा वेळी चिमणीसारखा चिवचिवतो, वेग वाढला की चिवचिव भराभर होते, आणि भिंतीवरून परतणारा आवाज खिडकीतून स्पष्ट येतो. खटखट होण्याच्या पुष्कळ आधी ही चिवचिव येते. त्या टप्प्यावर कुणी गॅरेजात येत नाही, याचं मेस्त्रींना खरंच दुःख आहे.

मग गाडी उचलली. नुसत्या जॅकवर कधीच नाही. दोन्ही बाजूंना स्टँड, पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. मेस्त्रींनी एका हाताने शाफ्ट धरला, दुसऱ्या हाताने डिफरन्शियलचा फ्लँज, आणि दोन्ही उलट दिशांना पिळले. इथे डोळा हवा सांध्यावर, हातावर नव्हे. शाफ्ट हलला आणि फ्लँज त्याच्यासोबत हलला, तर ढील डिफरन्शियलच्या दातांत आहे. थोडी ढील तिथे मुळातच ठेवलेली असते. शाफ्ट हलला आणि फ्लँज जागचा हलला नाही, तर क्रॉस गेला. यात ‘थोडासा चालतो’ असं काही नसतं. चांगल्या सांध्यात डोळ्याला दिसेल इतकी ढील नसतेच. दिसली, की सुई आणि दांडी यांच्यात खाच पडलेली आहे. पुढे त्यांनी शाफ्ट वर-खाली दाबून पाहिला. मग पुढचं टोक धरलं, तिथे स्लीव्ह गिअरबॉक्सच्या शेपटीत वरखाली हलते का, तेही पाहिलं. ती हलत असेल, तर मागचं बुश झिजलेलं, आणि नवा क्रॉस टाकूनही थरथर जाणार नाही.

कपाच्या काठावर लालसर भुकटी जमली होती. ती बोटावर घेऊन त्यांनी चालकाला दाखवली. ग्रीस संपलं, पाणी आत गेलं, सुया गंजून दळल्या गेल्या, त्याचं हे पीठ. मागचा क्रॉस नक्की गेलेला. पुढचा अजून घट्ट. पण शाफ्ट बाहेर आल्यावर पुढचा सांधा हातात धरून सावकाश फिरवला, तेव्हा मधल्या एका जागी तो अडखळला आणि मग सुटला. गाडीखाली हे कळत नाही. सरळ रेषेच्या जवळ उभ्या सांध्यात सुया फार थोड्या हलतात, एकाच जागी मार खातात, आणि दांडीवर प्रत्येक सुईची वेगळी खाच उमटते. सांधा अगदी शून्य कोनात ठेवणंही वाईट ते याचसाठी. सुया फिरत्या राहाव्यात म्हणून शाफ्टला निदान अर्धा-एक अंश कोन देतात. त्यामुळे ढील नाही म्हणून क्रॉस चांगला, हा निष्कर्ष अर्धवट. मेस्त्रींनी दोन्ही बदलायचं ठरवलं. खर्च दुप्पट नाही, कारण शाफ्ट उतरवायची मजुरी तीच.

बदलायचं काम मला नीट पाहायला मिळालं ते रोह्याला, धाटावच्या वाटेवरच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे लेथ आहे, हाताने चालणारा प्रेस आहे आणि कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट नेहमी येतात, त्यामुळे वर्कशॉपवाल्याचा हात मोजमापाला सरावलेला. तिथेही ओम्नीच आली होती. शाफ्ट उतरवण्याआधी त्याने फ्लँज आणि योक यांच्यावर मिळून पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढली. शाफ्ट ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत परत बसला पाहिजे, कारण त्याचा तोल त्याच जुळणीत साधलेला असतो. नळीवर कुठेतरी वेल्ड केलेला छोटा चौकोनी पत्रा दिसतो, तो तोलाचा. उपटला गेला असेल तर शाफ्ट पुन्हा बॅलन्स करून घ्यावाच लागतो. मागचे चार बोल्ट काढून शाफ्ट मागे ओढला, तशी गिअरबॉक्समधून तेलाची धार लागली. ट्रे आधीच ठेवलेला होता. गाडीची मागची बाजू उंच ठेवली तर धार लागत नाही, पण काम झाल्यावर तेलाची पातळी बघायची ती बघायचीच. नवा क्रॉस टाकून घरी गेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स कोरडा पडल्याची गोष्ट या भागात प्रत्येक मेस्त्री सांगतो.

कप जागी धरून ठेवणारे सर्क्लिप गंजून खाचेत रुतले होते. रॉकेल, वायर ब्रश, पुन्हा रॉकेल, आणि थांबणं. इथेच घाईचा माणूस घण उचलतो. योकच्या कानावर घण बसला, की कान केसभर आत येतो. डोळ्याला दिसत नाही, पण नवा कप त्यात तिरका बसतो आणि क्रॉस पहिल्या पावसाळ्यातच संपतो. इथे कपापेक्षा लहान एक सॉकेट एका बाजूला ठेवलं, कप मावेल असं मोठं दुसऱ्या बाजूला, आणि प्रेसने सावकाश ढकललं. कप एक ‘टक्’ आवाज करून सुटला. आत ग्रीस नव्हतंच, तांबूस चिखल होता. दांडीवरून नख फिरवलं, तर कंगव्याच्या दात्यांवरून फिरावं तसं लागत होतं.

नवा क्रॉस खोक्यातून काढून त्याने चारही कप उघडले आणि सुया बोटाने चाचपल्या. मग कपात लिथियम ग्रीस भरून सुया कडेला चिकटून उभ्या राहतील असं पाहिलं. एक सुई आडवी पडून तळाशी गेली, तर कप शेवटपर्यंत बसत नाही आणि सर्क्लिपची खाच अर्धी झाकलेली राहते. अशा वेळी पुन्हा बाहेर काढून पाहायचं, ठोकायचं नाही. एका बाजूचा कप थोडा आत, क्रॉसची दांडी त्यात सरकवलेली, मग समोरचा कप. क्रॉस हाताने दोन्हींत धरून ठेवल्यामुळे सुया हलायला जागा मिळत नाही. सर्क्लिप खाचेत बसल्यावर त्याने सांधा वाकवून पाहिला. जड होता. लाकडी हातोडीने योकला बाहेरच्या बाजूने दोन हलके ठोके दिले, कप सर्क्लिपला टेकले, सांधा मोकळा झाला. मोकळा म्हणजे आपल्या वजनाने लटपटणारा नव्हे. जिथे सोडाल तिथे थांबणारा आणि बोटाच्या जोराने सगळ्या दिशांना सारखा फिरणारा.

हा क्रॉस ग्रीस निपलवाला होता. मूळच्या पुष्कळ सांध्यांना निपल नसतं, ते आयुष्यभरासाठी बंद करून दिलेले असतात. पण ते आयुष्य कोकणच्या पावसाचं धरलेलं नसतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडलिका, अंबा, भोगावती फुगल्या, की सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी येतं. दिवसभर तापलेला शाफ्ट त्या पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. पेणच्या पश्चिमेला खाडीलगत मिठागरं आणि खारजमीन. उधाणाला रस्त्यावर येणारं पाणी खारट. आणि मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर दशकभर या भागातली गाडी वळणरस्ते, खडी आणि चिखल यांतून गेली. वडखळ, नागोठणे, पुढे भिसे खिंड चढून रोहा, या रोजच्या वाटेवर दर काही मिनिटांनी गिअर बदलतो आणि दर बदलाला सांध्यावर ताण उलटतो. सपाट रस्त्यावर गाडी तासभर एका गिअरमध्ये जाते. तिच्या क्रॉसचं आयुष्य आणि या वाटेवरच्या क्रॉसचं आयुष्य एका मापाने मोजणं चूक आहे.

म्हणून पाण्यातून गाडी काढली, की निपल असलेल्या सांध्याला ग्रीसगन लावावी. चारही कपांच्या काठांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच कपांतून आलं, तर चौथ्याची वाट बुजलेली आहे आणि तो आधी जाणार. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला काळं कोटिंग मारून घेतात, ते पत्र्याला चांगलं. पण फवारा शाफ्टवरही बसतो आणि त्या थराने तोल बिघडतो. कोटिंगवाल्याला सांगून शाफ्टवर कागद गुंडाळून घ्यावा. ओम्नीचा शाफ्ट साठच्या वेगाला मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेतो, तिथे मूठभर चिखलही जाणवतो.

मोठ्या व्हॅनचं थोडं वेगळं आहे. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. तिथे निघताना येणारी ‘घुर्र’ पुष्कळदा त्या रबराची असते. दोन तुकडे स्प्लाइनवर जोडलेले असतात. खुणेशिवाय उघडून एक दात सरकवून बसवले, तर दोन टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत. क्रॉस नवे, बेअरिंग नवं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. जुन्या मॅटाडोरची गोष्ट आणखी निराळी; तिला पुढची चाकं ओढायची, त्यामुळे तिथे लांब शाफ्टच नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत चाक वळूनही एकसारखं फिरावं लागतं. त्यासाठी आल्फ्रेड झेप्पा याने १९२७ च्या सुमारास काढलेला, सहा गोळ्यांवर चालणारा सीव्ही जॉइंट असतो. मारुती ८०० मध्ये तोच. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट-कट-कट’ आलं, की तो गेला. त्याची किल्ली रबराच्या बूटात आहे: बूट फाटल्या दिवशी बदलला, तर सांधा वाचतो, आठवडाभर चिखलात फिरवला, तर दोन्ही घ्यावे लागतात.

ओम्नी आता बनत नाही, तरी तिचे क्रॉस मिळतात, आणि हीच अडचणही आहे. मूळ कंपनीच्या खोक्यासारखंच दिसणारं खोकं निम्म्या किमतीत मिळतं. आतला माल ओळखायला सील दाबून पाहावं, कपाचा आतला भाग आरशासारखा आहे का बघावं, सुया कपात दाटीने आहेत की सैल, हे पाहावं. रोह्याचा वर्कशॉपवाला गिऱ्हाईकाला दुकानात सोबत नेऊन हे दाखवतो. त्याच्या धंद्याचा यात वेळ जातो. पण पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला पुनर्नोंदणीचेच २०२२ मध्ये पाच हजार झाले, प्रवासी गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. एवढं भरून गाडी चालवणाऱ्याचा शाफ्ट भिसे खिंडीच्या चढावर सुटला, पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं, तर मागे बसलेल्या शाळेच्या मुलांचं काय होईल, हे त्याने पुरतं जाणलेलं आहे. म्हणून तो फ्लँजचे जुने बोल्ट न तपासता परत वापरत नाही. आटे ताणलेले वाटले की नवे घालतो.

रोह्याच्या त्या गाडीत शाफ्ट चढला, रेघेला रेघ जुळली, चारही बोल्ट आलटून पालटून आवळले. गिअरबॉक्समध्ये तेल भरलं. कोलाडच्या दिशेने फेरी मारताना वर्कशॉपवाल्याने तीनदा पाय ॲक्सिलरेटरवरून काढून पुन्हा दाबला. आवाज नव्हता. परत आल्यावर लगेच कपांवर हात ठेवून पाहिला. पुढचा आणि मागचा सारखेच कोमट होते. एखादा दुसऱ्याहून गरम लागला असता, तर तो तिरका बसला, असं समजून पुन्हा उघडला असता. चालकाला त्याने पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला बोलावलं आणि एक आवर्जून सांगितलं: मागे टाकलेला जादा पाटा काढून टाक, नाहीतर वर्षभरात पुन्हा इथेच भेटू.